कालव्यापलीकडचं वावर

हिवाळ्यात सेलूच्या हवेत कापूस असतो. जिनिंगमधून निसटलेले तंतू विजेच्या तारांवर, पाट्यांवर, माणसांच्या भुवयांवर येऊन बसतात आणि दुपारच्या उन्हात सगळं गाव अर्धवट झोपेतून उठल्यासारखं दिसतं. विजयमाला बँकेत, शाखा व्यवस्थापकांच्या टेबलासमोर बसली होती तेव्हा असाच एक तंतू खिडकीतून आत आला, पंख्याच्या वाऱ्यावर दोन-तीन गिरक्या घेऊन खाली उतरला आणि तिनं जिथं सही करायची होती तिथं थांबला. तिनं तो झटकला नाही. पेन मात्र खाली ठेवलं.

"काय झालं ताई?" शेजारी बसलेल्या महारुद्रनं विचारलं.

"हे कशावर आहे?"

"कशावर म्हंजे? झरीच्या वावरावर. नानांनी दुकानासाठी तारण दिल्तं की. आता नाना न्हाईत, तर वारस म्हणून तू नि मी. नूतनीकरण हाय नुसतं. नवीन काय न्हाई."

महारुद्र तिचा धाकटा भाऊ. सेलूत ठिबकच्या नळ्या आणि पाण्याच्या मोटारींचं त्याचं दुकान होतं आणि ते चांगलं चालत होतं. बँकेशी त्याचा व्यवहार चोख होता. व्यवस्थापक शिवप्रसाद त्याला चहा पाजल्याशिवाय सोडत नसत. दुकान उघडलं तेव्हा वडिलांनी, म्हणजे रामहरी नानांनी, आपलं वावर बँकेकडे लिहून दिलं होतं. सातबाराच्या उताऱ्यावर बँकेचा बोजा चढला होता आणि इतकी वर्षं तो तिथं कुणाला न टोचता बसून होता.

पण पोळा झाला आणि नाना गेले. त्यांच्याकडे माणूस आपल्याच वावरात ठेवतात. कडुलिंबाच्या झाडाखाली, बांधाला लागून, नानांना अग्नी दिला होता. तेव्हापासून विजयमालेच्या मनात ते नुसतं वावर राहिलं नव्हतं. तिथं पीक होतं, विहीर होती, मोटारीची खोली होती, पण ती डोळे मिटायची तेव्हा तिला त्यातलं काही दिसत नसे. लिंबाची सावली दिसे आणि त्या सावलीखाली नाना. बसलेले, झोपलेले असं काही नाही. नुसते असलेले.

आणि आता त्याच जमिनीवर पुन्हा सही करायची होती.

"मॅडम, कागद आहे नुसता," शिवप्रसाद समजुतीनं म्हणाले. "बँक काही जमीन उचलून नेत नाही."

"नेऊ शकते ना पण?"

शिवप्रसादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खोटं बोलणं त्यांना जमत नसावं. "नेऊ शकते म्हणूनच तर त्याला तारण म्हणतात."

"माझा परभणीत प्लॉट आहे," विजयमाला म्हणाली. विचार यायच्या आधी शब्द आले होते. "तो घ्या. हे सोडा."

महारुद्र हसायलाच लागला. "ताई, लायब्ररीत बसून बसून येडी झालीस का गं? हे पुस्तक परत करते, त्या बदल्यात ते द्या! बँक हाय ही."

विजयमाला परभणीला कृषी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती, त्यामुळे हा टोमणा जुनाच होता. पण शिवप्रसाद हसले नाहीत. "तसं करता येतं हो महारुद्रराव. तारण बदलता येतं. किंमत बसली पाहिजे, प्लॉटचे कागद स्वच्छ पाहिजेत, वरून मंजुरी आली पाहिजे. आधी प्लॉटचं गहाणखत होईल. ते झाल्यावर आम्ही शेतावरचा बोजा उतरवायचं पत्र तलाठ्याला देऊ."

"आणि मधल्या दिवसांत बोजा कुठं असतो?" विजयमालेनं विचारलं.

असा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. "मधल्या दिवसांत," ते जरा थांबून म्हणाले, "दोन्हीकडं."

संध्याकाळच्या गाडीनं परभणीला परतताना ती खिडकीशी बसली होती. बाहेर तूर पिवळी पडत चालली होती. बोजा दोन्हीकडं, ती स्वतःशी म्हणत होती. ढगाची सावली अशीच असते, अर्धी या वावरात, अर्धी त्या वावरात, आणि खाली काम करणाऱ्या माणसाला फक्त जरा गार वाटतं.

प्लॉट नानांनीच घेऊन दिलेला. तिच्या लग्नानंतर एका चांगल्या वर्षी ते पिशवी घेऊन तिच्या दारात आले होते आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले होते, "चल, तुला दाखवतो." गावाच्या कडेला, काटेरी कुंपणामागं, गवताचा एक चौकोन. घर बांधायचं तेव्हापासून राहिलेलंच होतं. पण दर रविवारी ती तिथं जायची आणि त्या न बांधलेल्या घरात फिरायची. कुठं स्वयंपाकघर, कुठं पुस्तकांची भिंत, हे तिला पायांनी ठाऊक होतं. नवरा एकदा बरोबर आला आणि सरळ चालत सुटला, तेव्हा ती ओरडली होती, "अहो, भिंतीतून कुठं चाललात!" आता यंदा बांधकाम काढायचं दोघांनी ठरवलं होतं. प्लॉट बँकेकडे गेला तर बांधकाम लांबणार, किती ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिनं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या वडलांनी तुला दिलाय. तू बघ."

कागद जमवायला ती झरीला गेली. महारुद्र मोटारसायकल घेऊन आला होता. तलाठी दुपारी भेटणार म्हणून दोघं आधी वावराकडं वळले. लिंबाखालची जागा शेणानं सारवलेली होती, कडेनं दगड मांडलेले होते आणि एका दगडावर विझलेली उदबत्ती होती. विजयमाला बघत राहिली. हे कोण करतं?

"मीच करते की," मागून आवाज आला. धुरपदाबाई होती, शेजारच्या दिनकररावांची बायको. डोक्यावर गवताचा भारा होता आणि तो न उतरवताच ती बोलत होती. "येता-जाता लावते एक काडी. तुमचे नाना म्हंजे काय, आमच्या घरी रोज च्या पेल्याबिगर गेले न्हाईत. आता च्या कुठून देऊ, काडी देते."

मागोमाग दिनकररावही कालव्यावरच्या रुंद लाकडी फळीवरून अलीकडं आले. नानांच्याच वयाचे, उंच, बोलायला कमी. नानांच्या वावराला लागून लहानसा कालवा होता आणि त्याच्या पलीकडं त्यांचं वावर. दोघं जन्मभर त्या पाण्यावरून एकमेकांशी ओरडून बोलत आले होते.

"कसं येणं केलं ताई?"

महारुद्रनंच सांगितलं. हसत हसत, बहिणीची चेष्टा करत सांगितलं. "आमच्या ताईसाहेब स्वतःचा प्लॉट बँकेला द्यायल्यात आणि हे वावर सोडवायल्यात. मी म्हणलं, हप्ता मी भरतो, झोप हिची का उडायली?"

धुरपदाबाईनं भारा खाली टाकला. तिचा चेहरा उजळला होता. "अगं माय! म्हंजे आमचं वावर सुटलं म्हणा की!"

"धुरपदे," दिनकरराव म्हणाले.

"काय धुरपदे? पोरगी सोडवायली तर सोडवू दे की. मी काय मागायले का?"

"तुमचं वावर?" विजयमालेनं विचारलं.

कालव्याचं पाणी वाहत होतं. मग दिनकरराव लिंबाच्या मुळीवर टेकले आणि कुणा तिसऱ्याची हकीकत सांगावी तसे सांगू लागले.

कालवा खणला गेला तेव्हा त्यानं दोघांची वावरं कापली होती. नानांची विहीर अलीकडं आली आणि वावर पलीकडं गेलं. दिनकररावांचं घर पलीकडं राहिलं आणि वावर अलीकडं. बैल, अवजारं, माणसं, रोज सगळं पाण्यावरून न्यायचं. एका उन्हाळ्यात दोघं इथंच, याच झाडाखाली बसले, गुळाचा खडा मोडून खाल्ला आणि वावरं बदलून घेतली. पलीकडचं तू कर, अलीकडचं मी करतो. माप सारखंच होतं.

"कागद?" महारुद्रनं विचारलं. त्याचं हसू कधीच गेलं होतं.

"कागदाला कोण फिरतंय बाबा? मोजणी, खेटे, दस्त. करू करू म्हणलं आन् राहिलं. लय जणांचं असंच हाय शिवारात. कागदावर अजून पलीकडचं वावर तुमचं, आन् हे," त्यांनी जमिनीवर हात टेकवला, "हे माझं."

विजयमालेला एकदम एक बैलगाडी दिसली. ही गाडी ती लहानपणापासून बघत आली होती आणि ते स्वप्न आहे असंच तिला वाटत आलं होतं. गाडीत दावण, औत, चुलीचे तीन दगड आणि त्यांच्यावर ती बसलेली. नाना पुढं कासरा धरून पाण्यातून चाललेले. पाणी चाकांच्या आऱ्यांत चमकत होतं. समोरून दुसरी गाडी येत होती आणि तिच्यातही असेच दगड होते. दोन्ही गाड्या पाण्याच्या मधोमध एकमेकींना ओलांडून गेल्या. सगळे हसत होते. जत्रेला चाललोय, असं तिला वाटलं होतं. इतकी वर्षं ती त्या जत्रेचं नाव आठवत होती.

"म्हणजे बँकेचा बोजा..." ती म्हणाली.

"तुमच्या गटावर हाय. म्हंजे मी करतो त्या वावरावर. साहेब बघायला आले तवा नानानं त्यांना पलीकडंच नेलं. खोटं वावर दाखवायचा माणूस नव्हता त्यो. मी हुतो संगं."

"आणि तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"त्यानं आधी इचारलं की मला. आदल्या सांजंला आला. म्हणला, दिनकर, पोराला दुकान टाकून द्यायचंय, कागदावर माझं म्हणून जे हाय ते तुझ्या ताब्यात हाय, देऊ का? म्या म्हणलं, दे."

"एका शब्दात दे म्हणले," धुरपदाबाई म्हणाली. "मी चार दिवस बोलले न्हाई यांच्याशी. बँकेची गाडी गावात आली की माझ्या पोटात गोळा. कुणाची बी गाडी असू दे! एकदा डुकराच्या बंदोबस्ताची गाडी आल्ती, तरी मी देवापुढं बसले."

दिनकरराव हसले. विजयमालेला मात्र हसू आलं नाही. नानांना अग्नी द्यायचा होता त्या दिवशी माणसं बांधावर थांबली होती. कुठं, असं कुणीतरी विचारलं होतं. दिनकररावांनीच पुढं होऊन लिंबाखालची तूर उपटली होती, जागा केली होती आणि म्हणाले होते, "त्याच्याच वावरात. हितं." त्याच्याच वावरात.

"काका, त्या दिवशी तरी सांगायचं."

"त्या दिवशी सांगायचं असतंय व्हय, ताई?"

मोटारसायकलपाशी आल्यावर महारुद्र थांबला. किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली. मग म्हणाला, "ताई, एक बोलू का? राग मानू नको. नाना जिथं हायेत तिथं बँक न्हाईच. कधी नव्हतीच. तुला जे सोडवायचं हुतं ते सुटलेलंच हाय. मग प्लॉट कशाला घालतीस? जुनं हाय तसं चालू ठेवू. मी काय बुडवणार हाय का? तू घर बांध."

तो मनापासून बोलत होता आणि त्याच्या बोलण्यात काही चूकही नव्हतं. विजयमालेनं मागं वळून बघितलं. लिंबाची सावली आता कालव्यावर पडली होती, तिचा शेंडा पलीकडच्या काठाला लागला होता.

"बघते," ती म्हणाली. तलाठ्याकडं ती गेलीच नाही.

रविवारी ती प्लॉटवर गेली. कुंपणाची काटेरी तार उचलून आत शिरली, दारातून आली, ओसरीवर थांबली. गवत वाळलं होतं आणि वारा त्याच्यावरून हात फिरवत होता. ती पुस्तकांच्या भिंतीपाशी जाऊन बसली. न बांधलेल्या घरात फार शांत असतं. थोड्या वेळानं नाना आले. नेहमीसारखे पिशवी घेऊन, टोपी काखेत. ओसरीवर बसले. त्यांनी घरभर नजर फिरवली, मान डोलावली.

ती वाट बघत होती. ते आता काहीतरी म्हणतील, प्लॉट दे किंवा देऊ नको. आयुष्यभर त्यांनी तिला काही सांगितलं नव्हतं, फक्त विचारलं होतं, पण आता तरी सांगतील. नानांनी वाळलेल्या गवताची एक काडी तोडली, दातात धरली आणि विचारलं, "वारं कोणत्या अंगानं येतं गं हितं?"

"पश्चिमेकडून," ती म्हणाली.

"बरं हाय मग," ते म्हणाले आणि मग ओसरीवर नुसतं ऊन होतं.

ती तिथं बसून राहिली. बँकेत पेन खाली ठेवलं होतं ते तिला आठवलं. माझ्या माणसाची जागा कुणी उचलून नेऊ शकतं, हा विचार तिला एक दुपारसुद्धा सोसला नव्हता. धुरपदाबाई तो वर्षानुवर्षं सोसत होती, गावात येणाऱ्या प्रत्येक गाडीला देवापुढं बसत होती आणि परत येता-जाता नानांना काडी लावत होती. नानांनी एका संध्याकाळी जाऊन जे मागून आणलं होतं, ते परत द्यायचं राहिलं होतं. नाना गेले म्हणून ते तसंच राहणार का?

आणि लिंबाखालची जागा तरी कुणाची होती? दिनकरराव होते तोवर प्रश्न नव्हता. त्यांच्यानंतर त्यांची नातवंडं उतारा बघतील, गटाचा नकाशा बघतील. त्या नकाशावर लिंब नसतो. अदलाबदल दस्तानं करून घ्यायला हवी होती. अशा तोंडी अदलाबदलीचे दस्त थोड्या खर्चात करून द्यायची सोय आता सरकारनं केली होती, पण बोजा असलेल्या जमिनीचा दस्त बँक होऊ देत नव्हती. म्हणजे रस्ता एकच होता आणि तो याच गवतातून जात होता. ती उठली. जाताना स्वयंपाकघरातून न जाता वळसा घालून गेली.

महारुद्रला तिनं फोन केला. तो थोडा वेळ वाद घालत राहिला, मग म्हणाला, "तू नानांवरच गेलीस बघ. समोरच्याला बोलायलाच जागा ठेवत न्हाईस." आणि मग, अगदी हळू, "मी लवकर फेडतो ताई. तुझं घर अडवून न्हाई ठेवत."

गहाणखतावर सही करताना या वेळी हात थांबला नाही. मग ते मधले दिवस आले. बोजा दोन्हीकडं होता. ग्रंथालयात पुस्तकांवर नंबर घालताना तिला मधूनच वाटायचं, आत्ता आपण दोन वावरांच्या आणि एका घराच्या वर कुठंतरी तरंगतो आहोत. असंच वाटत असावं का गेलेल्या माणसाला, सगळीकडून सुटेपर्यंत? मग कुणीतरी पुस्तक मागायला यायचं आणि ती खाली यायची.

बँकेचा माणूस प्लॉटवर पाटी लावायला आला. ही मिळकत बँकेकडे तारण आहे, असं लाल अक्षरांत लिहिलेलं. त्यानं मधोमध खड्डा घ्यायला सुरुवात केली.

"जरा डावीकडं घ्या," विजयमाला म्हणाली. "तिथं दार येतं."

त्यानं रिकाम्या गवताकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "कुठं मॅडम?"

"तुम्ही उभे आहात तिथंच."

तो एकदम बाजूला झाला, एखाद्याच्या वाटेत उभं राहिल्यासारखा. पाटी डावीकडं लागली.

पुढं तलाठ्याकडं पत्र गेलं, पलीकडच्या वावरावरचा बोजा उतरला. तलाठी येऊन दोन्हीकडचा ताबा बघून गेला. आणि फाल्गुनाच्या उन्हात दिनकरराव, विजयमाला आणि महारुद्र परभणीच्या निबंधक कार्यालयात ओळीनं बसले. दिनकररावांनी नवं धोतर नेसलं होतं. धुरपदाबाई सही करायला नव्हती, तरी आली होती आणि तिनं सगळ्यांसाठी धपाटे आणले होते. कॅमेऱ्यासमोर बसवलं तेव्हा दिनकरराव इतके ताठ झाले की ती म्हणाली, "लग्नात बी असंच बसले हुते. भटजी घाबरला हुता." कार्यालयातला कारकूनसुद्धा हसला. गूळ खाऊन झालेली गोष्ट त्या दिवशी कागदावर आली. तिला लागलेला वेळ पाहून दिनकरराव म्हणाले, "आमी तर बिडी विझायच्या आत केलं हुतं."

दुसऱ्या दिवशी विजयमाला एकटीच झरीला गेली. ज्वारी काढून झाली होती, वावर मोकळं होतं आणि सगळीकडं धाटांचा गोड वास होता. ती लिंबाखाली जाऊन उभी राहिली. आत्ता काहीतरी वाटेल, म्हणून तिनं वाट बघितली. विशेष काही वाटलं नाही. ऊन होतं, मुंग्या होत्या, दगडांवर लिंबाची पिवळी पानं पडली होती. कुठं जायची घाई मात्र उरली नव्हती. नानांच्या जागेजवळ ती पहिल्यांदाच खाली बसली.

कालव्यापलीकडं दिनकरराव दिसले. बैल घेऊन फळीपर्यंत आले आणि थबकले. याच फळीवरून ते रोज अलीकडं यायचे, बैलांना नानांच्या विहिरीवर पाणी पाजायचे. त्यात कधी कुणी कुणाला विचारलं नव्हतं. पण आज ते पलीकडच्या काठावर, स्वतःच्या वावरात उभे राहिले, टोपी मागं सरकवली आणि ओरडले, "ओ मालकीणबाई! येऊ का?"

चेष्टा होती ती. तरी उत्तर आल्याशिवाय ते फळीवर पाय ठेवणार नव्हते, हेही तिला दिसलं.

ती उठून उभी राहिली. जन्मभर हळू बोलण्याची सवय, ग्रंथालयातली. पाण्यावरून पलीकडं पोचेल असं कसं ओरडायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. पण कालव्याकडं तोंड केलं, छाती भरून घेतली आणि आवाज आपोआप आला, मोठा, जरा घोगरा, तिलाच अनोळखी.

"या की काका! इचारायलात काय?"

बैल आधी आले, मग दिनकरराव, फळीवरून सावकाश, पाण्याकडं बघत.